‘कुलूप’, ‘मूळ’ आणि ‘तुरुंग’ : भ्रमणध्वनीच्या मुक्तीची परिभाषा

स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या भ्रमणध्वनीत उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे फेरफार करणे, या क्रियेसाठी इंग्रजीत तीन निरनिराळे शब्द रूढ आहेत. मराठीत मात्र त्यांपैकी एकासही स्थिर प्रतिशब्द मिळालेला नाही. आपली वृत्तपत्रे या तिन्ही क्रियांना कधी ‘हॅकिंग’ म्हणतात, कधी ‘कुलूप तोडणे’ म्हणतात आणि कधी नुसते ‘छेडछाड’ म्हणून मोकळी होतात. शब्दांच्या या गोंधळाकडे पारिभाषिक गैरसोय एवढ्याच दृष्टीने पाहणे पुरेसे नाही. कोणता शब्द वापरला यावरून त्या वस्तूचा धनी कोण, हा प्रश्न आपण नकळत निकालात काढीत असतो. प्रस्तुत लेखात या परिभाषेची चिकित्सा करण्याचा विचार आहे. तंत्राचा भाग तीपुरताच येईल.

प्रथम अर्थभेद पाहू. ‘अनलॉक’ हा शब्द दोन वेगळ्या कुलपांना उद्देशून वापरला जातो. एक कुलूप दूरध्वनीसेवा देणाऱ्या कंपनीचे असते. ते असेपर्यंत त्या यंत्रात दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड चालत नाही. २००७ साली अमेरिकेत विक्रीस आलेला पहिला आयफोन असा एकाच सेवाकंपनीशी जखडलेला होता. आपल्याकडे या पद्धतीचा प्रसार तितकासा झाला नाही. तथापि २०१७ साली आलेला जिओफोन एकाच जाळ्यावर चाले, आणि त्यापोटी घेतलेल्या १५०० रुपयांना ‘किंमत’ न म्हणता ‘ठेव’ म्हटले गेले होते, ही गोष्ट शब्दाभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे. दुसरे कुलूप याहून खोलवर, यंत्र सुरू करणाऱ्या आरंभीच्या आज्ञावलीस म्हणजे बूटलोडरला असते. ते काढल्यावाचून यंत्रात दुसरी कार्यप्रणाली घालता येत नाही. ‘रूट’ करणे म्हणजे कार्यप्रणाली तीच ठेवून तिच्यातील सर्वोच्च अधिकार हाती घेणे. आणि ‘जेलब्रेक’ हा शब्द मुख्यत्वे ॲपलच्या यंत्रांपुरता असून, त्या कंपनीने न मान्य केलेली उपयोजने चालविण्याजोगी वाट करून घेणे असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे पहिल्यात उत्पादक अगर सेवाकंपनी स्वतःच कधीकधी किल्ली देते. तिसऱ्यात ती कधीही देत नाही. हा भेद मराठीत एका ‘तोडणे’ या क्रियापदाखाली गाडला जातो.

‘जेलब्रेक’ या शब्दाची व्युत्पत्ती मोठी उद्बोधक आहे. सामान्य वाचकास त्यात अन्यायी तुरुंग व शूर बंदिवान असे चित्र दिसते, आणि बंडखोरांनीही ते चित्र आनंदाने मिरविले. वस्तुतः या शब्दातील ‘तुरुंग’ त्या बंडाहून जुना आहे. युनिक्स या कार्यप्रणालीत एखाद्या आज्ञावलीस संचिकांच्या एका फांदीपुरते मर्यादित करण्याची सोय १९७९ पासूनची. तीच कल्पना २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘जेल’ या नावाने सुधारून आली. हा तुरुंग यंत्राच्या मालकासाठी नव्हता. भरवसा नसलेल्या आज्ञावलीला तेथे डांबावयाचे, म्हणजे मालकाच्या उरलेल्या वस्तू सुरक्षित राहतात, असा त्याचा हेतू. २००७ च्या आयफोनला संगणक जोडला असता बाहेरून केवळ गाणी व चित्रे यांच्या कप्प्यापर्यंतच पोचता येई. हाच तो ‘जेल’, आणि त्यातून बाहेर पडणे हा ‘जेलब्रेक’. रूपक तेच राहिले, बंदिवान मात्र बदलला. पूर्वी मालकाच्या रक्षणासाठी आज्ञावलीस कोंडीत असत, आता खुद्द मालकासच कप्प्यात कोंडण्यात आले. अर्थपरिवर्तनाचा हा प्रकार आमच्या पाठ्यपुस्तकांतील अर्थसंकोच, अर्थविस्तार या कप्प्यांत बसत नाही. शब्दाचा अर्थ जवळजवळ होता तसाच राहिला आहे. बदलली आहे ती शब्दाच्या मागची सत्तेची दिशा. (मराठीतील ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला मानतात. परक्यांनी आपल्यासाठी बांधलेल्या वस्तूचे नावही परक्यांचेच असावे, यात नवल नाही.)

‘रूट’ची गोष्ट अधिक साधी, पण भाषाशास्त्रज्ञास अधिक रुचेल अशी आहे. संचिकांच्या वृक्षाचे मूळ ते ‘रूट’, आणि त्या मुळापर्यंत ज्याची सत्ता चालते त्या वापरकर्त्याचेही नाव ‘रूट’. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, टी-मोबाइल जी-१, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्यात एक विलक्षण चूक राहून गेली होती. वापरकर्ता कळफलकावर जे काही लिही ते पडद्यावर तर उमटेच, पण त्याचबरोबर पडद्याआड चालणाऱ्या एका सर्वाधिकारी आज्ञाग्राहकाकडेही पोचे. कोणी मित्राशी गप्पा मारताना ‘रीबूट’ एवढाच शब्द लिहून पुढची ओळ धरली, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेली व्याख्याने आपल्या परिचयाची आहेतच. उच्चार हीच कृती कधी ठरते, आणि त्यासाठी बोलणाऱ्याचा अधिकार, प्रसंग व विधी या अटी कशा पुऱ्या व्हाव्या लागतात, हा त्यांचा विषय. जी-१ मध्ये यांतील एकही अट पुरी न होता उक्तीची कृती होत असे. नोव्हेंबर २००८ मध्ये गूगलने ती चूक दुरुस्त केली; परंतु तोपर्यंत कित्येकांनी त्याच वाटेने मूळाधिकार मिळवून घेतला होता.

पुढच्या अँड्रॉइड आवृत्त्यांत मात्र विधीचा अतिरेक झाला. २०१२ पासून ‘विकासकांसाठी’ असलेली पर्यायांची यादी लपविण्यात आली, आणि ती उघडण्यासाठी आवृत्तिक्रमांकावर सात वेळा टिचकी मारावी लागते. सातवी टिचकी पडताच, आपण आता विकासक झालात, असे यंत्र जाहीर करते. सप्तपदीची आठवण होणे अपरिहार्य आहे. सातव्या पावलापूर्वी नाते नाही, नंतर ते पुरे. मग बूटलोडर उघडण्याची अनुमती नोंदवावयाची, संगणकावरून आज्ञा द्यावयाची, आणि यंत्राने सर्व माहिती पुसून टाकण्यास संमती द्यावयाची. हे पुसणे निव्वळ शिक्षा म्हणून नसते, हेही सांगितले पाहिजे. चोरलेल्या फोनचे कुलूप काढून आतील पत्रे वाचता येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. काही उत्पादकांनी हा विधी आणखी लांबविला, काहींनी किल्ली देणेच थांबविले. हुआवेने २०१८ साली तसे केले.

आता मराठीकडे वळू. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’चा वर्णविपर्ययाने झालेला अवतार, ‘चावी’ पोर्तुगीजांची. वस्तू व शब्द बाहेरून आले तरी त्यांच्याभोवतीची क्रियापदे आपली आहेत, आणि ती फार नेमकी आहेत. धनी कुलूप ‘उघडतो’ अगर ‘काढतो’. किल्ली हरवली तर तोच ते ‘तोडतो’, आणि त्यास कोणी गुन्हा म्हणत नाही. चोर ते ‘फोडतो’. म्हणूनच ‘घरफोडी’ आहे, ‘घरतोडी’ नाही. इंग्रजी ‘अनलॉक’मध्ये हे भेद नाहीत. त्यामुळे मराठी बातमीदार जेव्हा ‘आयफोनचे कुलूप फोडले’ असे लिहितो तेव्हा मूळ इंग्रजीत नसलेला चोरीचा आरोप तो आपल्या पदरचा घालीत असतो. ज्याचे घर त्यानेच कुलूप तोडले असेल, तर ‘फोडले’ हे क्रियापद खोटे ठरते.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे, हे कायद्यावरून दिसते. अमेरिकेचा १९९८ चा अंकीय प्रताधिकार कायदा आपल्या १२०१ व्या कलमात संरक्षणाचा तांत्रिक उपाय ओलांडणे हीच क्रिया निषिद्ध ठरवितो. ओलांडणाऱ्याचा हेतू काय, हे तो प्रथमतः विचारीत नाही. त्यातून सुटका म्हणून तेथील काँग्रेस ग्रंथालयाच्या ग्रंथपालाने दर तीन वर्षांनी अपवाद जाहीर करावयाचे असतात. आपल्या यंत्रावर काय चालावे हे ठरविण्यासाठी नागरिकाने ग्रंथपालाकडे अर्ज करावा, ही व्यवस्था आपणांस चमत्कारिक वाटेल, पण ती तशी आहे. २००९ साली या सुनावणीत ॲपलने विरोध करताना, असे फेरफार झालेल्या फोनांच्या साहाय्याने दूरध्वनीचे मनोरेही बंद पाडता येतील, इथवर युक्तिवाद नेला होता. जुलै २०१० मध्ये फोनच्या ‘जेलब्रेक’ला अपवाद मिळाला. उलट सेवाकंपनीचे कुलूप काढण्याचा पूर्वी असलेला अपवाद २०१२ च्या निर्णयाने २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनांपुरता संपुष्टात आला. त्यावर एक लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज व्हाइट हाउसकडे गेला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र कायदा होऊन तो परत मिळाला.

आपल्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात २०१२ साली ‘६५-अ’ हे कलम घातले गेले. त्यातही तांत्रिक उपाय ओलांडणे दंडनीय आहे, दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. परंतु तेथे एक अट आहे. ती क्रिया या अधिनियमाने दिलेले हक्क भंगण्याच्या हेतूने झाली पाहिजे. म्हणजे अमेरिकन विधिभाषा ‘तोडणे’ पाहते, भारतीय विधिभाषा ‘फोडणे’ पाहते. हा फरक आमच्या बोलीतील क्रियापदांशी इतका जुळतो की मराठी पत्रकारांनी तो हातचा घालवावा याचे वाईट वाटते.

या साऱ्याचा मराठीशी संबंध केवळ शब्दांपुरता आहे काय? तसे नाही. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीचा टंकच नसे. मराठी मजकूर आला की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकटी दिसत. प्रस्तुत लेखक त्या काळी संशोधक विद्यार्थी होता; बोलींचे नमुने गोळा करून पाठविणारे स्नेही मराठीत लिहीत, आणि त्यांची पत्रे फोनवर चौकटींच्या भिंतीप्रमाणे उभी राहत. ऑपेरा मिनी या न्याहाळकात एक आडबाजूची सोय होती. तीत अक्षरे दूरच्या संगणकावर चित्ररूपाने रेखून पाठविली जात व ती वाचता येत. पण चित्रातील शब्द ना शोधता येई ना उतरवून घेता येई. दुसरा उपाय मूळाधिकाराचा होता. टंक ज्या संचिकाकोशात ठेवलेले असत तो कोश वापरकर्त्यास बंद असे. फोन ‘रूट’ करून त्या जागी देवनागरी असलेला टंक घालणे हे अनेकांनी केले, प्रस्तुत लेखकानेही केले.

चौकटी गेल्या. परंतु जे उमटले ते पाहून हसावे की रडावे ते कळेना. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जातात. ‘कि’ मध्ये आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व इकार. तो इकार उचलून व्यंजनाच्या डाव्या अंगास नेणे, ‘द्’ आणि ‘य’ जोडून ‘द्य’ करणे, रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर चढविणे, हे काम नुसत्या टंकाचे नव्हे. ते करणारी अक्षरघटनेची आज्ञावली कार्यप्रणालीत असावी लागते, आणि ती तेथे नव्हती. म्हणून ‘विद्यार्थी’ हा शब्द इकार उजवीकडे, हलन्त उघडे आणि रेफ एकटा, अशा विस्कटलेल्या स्थितीत दिसे. म्हणजे मूळाधिकार हाती आला तरी लिपी हाती आली नव्हती. बंडखोरांच्या वाङ्मयात हा अनुभव सहसा येत नाही. तेथे कुलूप निघाले की सर्व मिळाले असे गृहीत असते. काही उत्पादकांनी भारतात विकावयाच्या यंत्रांत ही सोय स्वतः करून दिली, आणि २०११ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची घटना मुळातच नीट होऊ लागली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पडद्यावरील सूचनाही मराठीत आल्या. भारतीय लिपींच्या आधाराविषयीचे शासनाचे मानक २०१६ चे आहे. इतिहास प्रामाणिकपणे सांगावयाचा तर देवनागरी आली ती मुख्यतः उत्पादकांच्या हातून. पण ती येण्यापूर्वीची तीनचार वर्षे ज्यांना थांबणे शक्य नव्हते, त्यांच्यापुढे बंद कोशाखेरीज दुसरे दार नव्हते.

आणि प्रश्न अजूनही मिटलेला नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची रूपे ठरवून दिली आहेत. तरीही पुष्कळ फोनांवर मराठी मजकुरात हिंदी वळणाचे ‘ल’ व ‘श’ आजही दिसतात. पहिलीतील मूल पाटीवर एक ‘श’ गिरविते आणि आईच्या फोनवर दुसरा पाहते. राज्याच्या शासनाने ठरविलेले अक्षर, त्याच राज्यातील नागरिकाने विकत घेतलेल्या यंत्राच्या टंककोशात, उत्पादकाने मनावर घेतल्याशिवाय शिरू शकत नाही! येथे ‘ग्राहकाच्या हौसेचे फेरफार’ ही भाषा अपुरी पडते.

उत्पादकांच्या परिभाषेतही एक व्याकरणिक खुबी आहे. ती बहुतेक कर्मणि धातुसाधितांनी बनलेली असते आणि कर्ता तीत लुप्त असतो. ॲपल अशा फेरफारांना ‘अनधिकृत’ म्हणते. अधिकृत कोणी करावयाचे ते सांगत नाही. अँड्रॉइडमध्ये बूटलोडर उघडला की यंत्र प्रत्येक वेळी सुरू होताना, यावर आता भरवसा ठेवता येणार नाही, अशा आशयाचा इशारा देते. भरवसा कोणाचा? यंत्राच्या धन्याने तर नुकतीच आपल्या मर्जीची प्रणाली तीत घातलेली असते; त्याचा भरवसा वाढलेलाच असावयाचा. इंग्रजी ‘ट्रस्टेड’मध्ये निदान कोणीतरी भरवसा ठेवणारा आहे एवढे तरी सूचित होते. त्याचे मराठीत ‘विश्वासार्ह’ केले की तोही नाहीसा होतो, आणि जी एका कंपनीची भूमिका होती ती वस्तूची अंगभूत योग्यता बनते. ‘अर्ह’ या दोन अक्षरांनी केवढा पक्षपात साधला जातो पहा. सॅमसंगने २०१३ पासून आपल्या काही यंत्रांत याची कायम नोंद ठेवण्याची योजना केली. मान्य नसलेली प्रणाली घातली की आतील एक सूक्ष्म विद्युत्-तार जळते आणि ती पुन्हा जोडता येत नाही. मूळ प्रणाली परत घातली तरी हा डाग राहतो. अनेक बँकांची उपयोजनेही अशा यंत्रांवर चालण्यास नकार देतात, आणि पैशांचे व्यवहार फोनवरून होणाऱ्या आपल्या देशात ही शिक्षा हलकी नव्हे.

तथापि उत्पादकांची भीती सर्वस्वी बनावट आहे असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘इकी’ नावाचा एक जंतू मुक्त केलेल्या आयफोनांतच पसरला. या फोनांत दुरून प्रवेश देणारी एक आज्ञावली लोकांनी हौसेने घातली होती आणि तिचा ठरीव परवलीचा शब्द, जो सर्वांस ठाऊक होता, तो बदलला नव्हता. जंतूने पडद्यावरचे चित्र तेवढे बदलले; अधिक वाईट हेतूचा कोणी असता तर अधिक वाईट झाले असते. तुरुंग फोडल्याचा आनंद साजरा करताना घराचे दार उघडेच टाकले गेले, असा हा प्रकार. ‘जेलब्रेक’ या शब्दाचाही यात थोडा दोष आहे. तुरुंगातून सुटणाऱ्यास पुढे त्या इमारतीची डागडुजी करावयाची नसते. येथे तो मनुष्य सुटून जात नाही. त्याच इमारतीत त्याला राहावयाचे असते.

आपल्या भाषेत या स्थितीसाठी अधिक जवळचे शब्द आहेत, असे आम्हांस वाटते. मराठेशाहीतील गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे ‘मिरासदार’ आणि ‘उपरी’ असे दोन वर्ग होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. सारा भरीत राहिला की त्यास कोणी उठवू शकत नसे. उपरी हा ठरावाने, बहुधा सालोसाल जमीन करणारा. फोन विकत घेणारा मनुष्य काच आणि धातू यांचा मिरासदार असतो आणि आतील प्रणालीचा उपरी. ॲपलचा करारनामा स्पष्टच सांगतो की प्रणाली विकलेली नसून तिच्या वापराचा परवाना दिलेला आहे. एकाच वस्तूत हे दोन हक्क असे मिसळले आहेत की वापरणाऱ्यास आपण कोणत्या क्षणी कोण आहोत हे समजत नाही. दुकानात पैसे मोजताना तो मिरासदार असतो. टंककोश उघडू पाहतो तेव्हा तो उपरी ठरतो.

प्रस्तुत लेखकास हे उपरीपण एका दुरुस्ती-केंद्रात प्रत्यक्ष भेटले. टंक बदललेल्या त्या फोनचे विद्युत्भरणाचे छिद्र पुढे निकामी झाले. हमीची मुदत शिल्लक होती, आणि छिद्राचा टंकाशी काहीही संबंध नव्हता. खिडकीमागील तरुणाने यंत्र तपासून छापील नमुन्यावर दुरुस्ती नाकारल्याचे कारण मराठीत लिहिले : ‘ग्राहकाने छेडछाड केली आहे.’ “साहेब, कॉलममध्ये दुसरा शब्दच नाही,” असे तो ओशाळून म्हणाला. स्वतःच्या फोनमध्ये मराठी अक्षरे घालणाऱ्यासाठी आपल्या भाषेने काढलेला हा शब्द रस्त्यावरच्या गुंडासाठी वापरावयाचा शब्द आहे. त्या तरुणाचा दोष नाही. त्याला दुसरा शब्द कोणी दिलाच नव्हता.

तो द्यावयाचा तर पुढीलप्रमाणे सुचवावेसे वाटते. सेवाकंपनीच्या अगर बूटलोडरच्या बाबतीत ‘कुलूप काढणे’ एवढेच म्हणावे. ‘फोडणे’ हे परक्याच्या यंत्रापुरते राखून ठेवावे. ‘रूट’साठी ‘मूळाधिकार घेणे’ चालेल. बोलताना लोक ‘रूट केला’ म्हणतात व म्हणोत. ‘जेलब्रेक’ भाषांतरित करू नये, कारण ‘तुरुंगफोडी’ म्हटल्याने मूळ शब्दातील नाट्य दुप्पट होते आणि अर्थ निम्मा राहतो. दुरुस्तीच्या नमुन्यात ‘छेडछाड’ ऐवजी ‘धन्याने केलेला फेरफार’ असे लिहावे, आणि तो फेरफार बिघाडास कारण झाला किंवा नाही याचा वेगळा रकाना ठेवावा. फसलेल्या प्रयोगाने कायमचा निश्चेष्ट झालेल्या फोनला इंग्रजीत ‘ब्रिक’ म्हणतात. सप्टेंबर २००७ मध्ये ॲपलच्या एका सुधारणेने कुलूप काढलेल्या अनेक आयफोनांची ही गत झाली. त्यासाठी आमच्या विद्यार्थ्यांनी ‘फोनची वीट झाली’ असा प्रयोग केव्हाच रूढ केला आहे, आणि ‘वीट येणे’ या जुन्या वाक्प्रचाराची त्यास साथ असल्यामुळे तो टिकेल असे दिसते.